मॉरिशसचं फळखाऊ वटवाघूळ: लिची वाचते ती जाळीने, बंदुकीने नाही

मॉरिशसमध्ये नोव्हेंबरात लिचीचे घोस रंग धरायला लागले की वटवाघळांचा वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. बागाईतदार म्हणतात, ही वटवाघळं आमचं पीक संपवतात. जंगलाचे अभ्यासक म्हणतात, ही नसतील तर बेटावरचं उरलंसुरलं जंगल संपेल. सरकारने २०१५ साली राष्ट्रीय उद्यानं आणि जैवविविधतेचा नवा कायदा करून संरक्षित वटवाघळांना मारायची वाट मोकळी केली. त्या वर्षी ३० हजारांहून जास्त आणि २०१६ मध्ये आणखी ७ हजारांच्या वर वटवाघळं गोळ्या घालून मारली गेली. २०१८ मध्ये १३ हजारांचं लक्ष्य ठेवून पुन्हा मोहीम निघाली. त्याच वर्षी आययूसीएनने, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, या जातीला ‘असुरक्षित’ गटातून उचलून ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं. बागाईतदारांच्या हाती मात्र काहीच जास्त पडलं नाही. असं का झालं, ते कळायला हा प्राणी खातो कसा, वाढतो कसा आणि लिचीच्या झाडावर नेमकं काय करतो, हे पाहावं लागतं.

या जातीचं शास्त्रीय नाव टेरोपस नायजर. वजन साधारण अर्धा किलो, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे ८० सेंटिमीटर. आपल्याकडे वड-पिंपळावर लटकणारं मोठं वटवाघूळ वजनाने याच्या दुपटी-तिपटीचं भरतं, त्यामानाने हे लहानच. तोंड कोल्ह्यासारखं, डोळे मोठे, शेपूट नाही, अंगावर गडद तपकिरी केस आणि मान-खांद्यांवर पिवळसर सोनेरी झाक. कीटक खाणारी छोटी वटवाघळं कानाला न ऐकू येणारे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढतात. या जातीला ती सोय नाही. ती डोळ्यांनी बघते आणि नाकाने फळ शोधते. जाळीचा रंग निवडताना ही गोष्ट उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

मॅस्करिन बेटांवर, म्हणजे मॉरिशस, रेयुनियाँ आणि रॉड्रिग्जवर, या कुळाच्या तीन जाती होत्या. एक एकोणिसाव्या शतकात कायमची गेली. दुसरी रॉड्रिग्जवर आहे. तिसरी ही मॉरिशसची. रेयुनियाँवरूनही ती नाहीशी झाली होती, पण अलीकडच्या काळात मॉरिशसहून समुद्र ओलांडून थोडी वटवाघळं स्वतःच तिथे पोचली आणि छोटी वस्ती करून राहिली आहेत. माणूस येण्याआधी या बेटांवर जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं होती. हरणं, माकडं, डुकरं, उंदीर, मुंगूस हे सगळे जहाजांतून आले.

आता खाण्याकडे येऊ. हे वटवाघूळ फळ तोंडात घेतं, टाळूवरच्या आडव्या कंगोऱ्यांवर जिभेने दाबतं, रस आणि मऊ गर गिळतं आणि उरलेला चोथा थुंकून टाकतं. उसाचा रस काढल्यावर चरकातून चिपाड बाहेर पडावं, तसा हा चोथा दाबलेल्या, कोरड्या गोळीसारखा खाली पडतो. अंजिराच्या जातीच्या फळांतल्या बारीक बिया रसाबरोबर पोटात जातात आणि तासाभराच्या आत, बऱ्याचदा उडता उडता, विष्ठेतून बाहेर पडतात. मोठी बी गिळता येत नाही. पण एका झाडावर बरीच वटवाघळं जमली की त्यांच्यात भांडणं होतात, आणि हुसकावलेलं वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडाकडे उडतं. तिथे बसून गर खातं आणि बी खाली टाकतं. जंगलाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

कारण मॉरिशसमध्ये मोठी बी वाहून नेणारं दुसरं कोणी जवळपास उरलेलं नाही. डोडो सतराव्या शतकात संपला. महाकाय कासवं संपली, मोठ्या चोचीचा पोपट संपला, निळं कबूतर संपलं. तांबालाकोक, माकाक, जांभळाच्या कुळातली स्थानिक झाडं, आबनुसाच्या जाती, अशी कितीतरी झाडं मोठ्या किंवा मध्यम बियांची फळं देतात. ती फळं आईच्या झाडाखालीच पडली तर गराला बुरशी लागते, बी कुजते. रुजलीच तर रोप दाट सावलीत अडकून मरतं. वटवाघळाने गर काढून लांब टाकलेल्या बीला या दोन्ही अडचणी येत नाहीत. बेटावरच्या मूळ वृक्षजातींपैकी निम्म्याच्या आसपास जातींची फळं किंवा फुलं हे वटवाघूळ खातं. एका प्राण्यावर इतकी झाडं अवलंबून असणं हे फार धोक्याचं आहे, आणि ही वेळ बाकीचे प्राणी आपण माणसांनी संपवल्यामुळे आली.

मॉरिशस सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं बेट. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल त्यात जेमतेम २ टक्के उरलं आहे, आणि त्यातला बराचसा भाग १९९४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या आसपास आहे. बाकी जमीन दोन-तीनशे वर्षांत ऊस, वस्ती आणि चहाखाली गेली. उरलेल्या जंगलातही बाहेरून आलेल्या झुडपांनी, विशेषतः चिनी पेरू म्हणतात त्या झाडाने, इतकी गर्दी केली आहे की मूळ झाडांना उजेड आणि पाणी पुरत नाही आणि ती कमी फळं धरतात. जिथे ही परकी झुडपं उपटून काढली, त्या तुकड्यांत मूळ झाडांना जास्त फळं लागली आणि तिथे वटवाघळांचं खाणंही वाढलेलं दिसलं. म्हणजे बागेकडे येणारं वटवाघूळ बागेतच येईल असं काही नाही. जंगलात मिळालं तर ते जंगलात खातं.

बागेत त्याला मिळतं काय? लिची आणि आंबा. दोन्ही झाडं बाहेरून आणलेली. लिचीचे मळे थोडे आहेत. खूपशी लिची घरांच्या परसातल्या उंच, जुन्या झाडांवरून येते. १८३४ नंतर भारतातून ऊसमळ्यांवर मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती, आणि आज त्यांच्या वंशजांच्या परसातही ही झाडं आहेत. मोसमात झाडावरची लिची व्यापाऱ्याला उक्ती विकून चार पैसे मिळतात. एका रात्रीत घोस उतरलेले दिसले तर माणसाला राग येणारच, आणि त्या रागाला हलकं लेखून हा प्रश्न सुटणार नाही.

पण सकाळी झाडाखाली उभं राहून आधी बघायचं की नुकसान केलं कोणी. जमिनीवर दाबलेल्या चोथ्याच्या गोळ्या, दात उमटलेली सालं आणि साफ केलेल्या बिया असतील तर वटवाघूळ. फळ घोसावरच लटकतंय आणि त्याला वरून भोक पडलंय, तर बुलबुल, साळुंकी किंवा पोपट. ही मॉरिशसमध्ये सर्रास दिसणारी, पण बाहेरून आलेली पाखरं आहेत. कडेला दातांच्या बारीक समांतर रेघा असतील तर उंदीर. कच्ची फळं ओरबाडलेली आणि फांद्या मोडलेल्या असतील तर माकडं. आणि सबंध फळ, कुठेही दात न लागता, खाली पडलेलं असेल तर ती नैसर्गिक गळ: मध्येच पाण्याचा ताण पडला, मग एकदम पाऊस झाला, जोराचा वारा सुटला. लिचीची साल अशा वेळी तडकते आणि फळ गळतं. बऱ्याच बागांत ही गळ आणि पाखरांचं नुकसान मिळून आकडा मोठा होतो, पण तो सगळा वटवाघळाच्या नावावर मांडला जातो, कारण रात्री झाडावर फडफडतं ते वटवाघूळ.

झाडाच्या उंचीने फार फरक पडतो. ६ मीटरच्या वर गेलेल्या मोठ्या झाडांवर वटवाघळांचं नुकसान बुटक्या झाडांपेक्षा कितीतरी जास्त होतं. त्यांना वरून येऊन शेंड्याच्या फांदीला लटकायला आणि लगेच उडून जायला मोकळी जागा लागते, ती उंच झाडावर मिळते. नेमकं हेच झाड तोडणीला अवघड, फवारणीला अवघड आणि जाळी टाकायला तर जवळपास अशक्य.

आता मारून का भागत नाही, ते बघू.

मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. पिल्लू आधी आईच्या पोटाला धरून असतं, नंतर काही महिने तिच्यावरच अवलंबून. उंदरांसारखं वर्षात पाच-सहा वेळा विणं या प्राण्यात नाही. वाढ किती हळू होते याचं खरं उदाहरण शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर आहे. १९७०च्या दशकात जंगलतोड आणि चक्रीवादळांनी तिथली जात शंभराच्या आसपास उरली होती. १९७६ मध्ये प्राणिसंवर्धक जेराल्ड डरेल यांनी त्यातली काही पकडून जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात पैदाशीसाठी नेली. बेटावर झाडं लावली गेली, शिकार थांबली, आणि साधारण चाळीस वर्षांनी संख्या २० हजारांच्या वर गेली. शंभराचे वीस हजार म्हणजे २०० पट, म्हणजे साडेसातच्या थोडं वर वेळा दुप्पट. चाळीस वर्षांना त्याने भागलं की सगळं सुरळीत चाललं तरी एकदा दुप्पट व्हायला पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागला असं निघतं. मॉरिशसमध्ये दोन मोसमांत ३७ हजारांहून जास्त प्राणी गेले. ती तूट भरून निघायला किती मोसम लागतील, याचा अंदाज यावरून येतो.

शिवाय मोहिमा निघाल्या त्या लिचीच्या आगेमागे, म्हणजे नेमक्या माद्या गाभण असण्याच्या किंवा पिल्लं अंगावर पाजण्याच्या काळात. मेलेल्या मादीबरोबर पिल्लूही जातं, आणि ते मोजणीत येत नाही. वर चक्रीवादळं आहेतच. मोठ्या वादळाने एका दिवसात बेटावरची फळं, फुलं, पानं झडून जातात. वाचलेली वटवाघळं उपाशी राहतात, खाली येतात, जमिनीवर खरकटं शोधतात आणि सहज हाती लागतात. विजेच्या तारांवर मरणारी आणि चोरून रश्शासाठी मारली जाणारी वेगळीच. आज आकडा मोठा दिसला तरी एका वाईट वर्षात तो कुठे येईल सांगता येत नाही, म्हणून अशा बेटावरच्या जातीला हाताशी राखीव संख्या लागते.

आणि बागेचं काय? वटवाघूळ रात्रीत कित्येक किलोमीटर फिरतं आणि बेट लहान. एका गावातली वटवाघळं मारली तरी पिकलेल्या उंच, उघड्या झाडावर दुसरीकडची येतात. शंभरातली वीस मारली म्हणून तुमचं वीस टक्के फळ वाचत नाही. उरलेल्या ऐंशींना तेच झाड जास्त मोकळं मिळतं. पाखरं, उंदीर, माकडं, गळ हे सगळं जागच्या जागी. त्यात लिची मुळात लहरी झाड: थंडीचे दिवस पुरेसे थंड आणि कोरडे गेले नाहीत तर मोहोरच कमी येतो. दोन लागोपाठच्या मोहिमांनंतर लिची-आंब्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा बागाईतदारांचा फायदा वाढल्याचं दिसलं नाही.

जाळीने मात्र फळ वाचतं, आणि पाखरांपासूनही वाचतं. सरकारने जाळीच्या खरेदीवर अनुदानही दिलं. पण कोणतीही जाळी कशीही टाकली तर फळही जातं आणि प्राणीही मरतो, म्हणून जरा सविस्तर.

जाळी विणलेली, पांढरी, उन्हाला टिकणारी घ्यावी. ताणून धरल्यावर भोक ५ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं. साधी परीक्षा म्हणजे करंगळी लावून बघा. आत गेली तर भोक मोठं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात घराच्या बागेतल्या फळझाडांसाठी २०२१ पासून असाच नियम आहे. पांढरी अशासाठी की हा प्राणी डोळ्यांनी बघतो. चांदण्यात पांढरा पडदा त्याला दिसतो आणि तो वळतो. मासेमारीची एकेरी नायलॉनची काळी किंवा हिरवी जाळी सगळ्यात वाईट. ती दिसत नाही, तिच्या मोठ्या भोकांत पंखाचा अंगठा आणि बोटं अडकतात, प्राणी सुटायला धडपडतो तसा दोरा पंखाच्या पडद्यात रुतत जातो, आणि तोंडाने चावून सोडवायला गेला की दात आणि हिरड्या फाटतात.

जाळी फळाला टेकता कामा नये. टेकली तर वटवाघूळ बाहेरून लटकून जाळीतूनच फळ चोखतं. म्हणून सांगाडा हवा: जाड पीव्हीसी किंवा जीआय पाइपचा, झाडापेक्षा चारही बाजूंनी आणि वर निदान अर्धा मीटर मोठा. समजा झाड ४ मीटर उंच आणि ४ मीटर पसरलेलं आहे. सांगाडा ५ मीटर बाय ५ मीटर आणि उंची साडेचार मीटर. एकच मोठी चौकोनी जाळी वरून टाकायची तर १४ बाय १४ मीटर, म्हणजे १९६ चौरस मीटर लागेल आणि कोपऱ्यांत ढीगभर सैल जाळी लोंबेल. त्याऐवजी १४ बाय ५ ची एक पट्टी एका बाजूने वर नेऊन दुसऱ्या बाजूला उतरवायची आणि उरलेल्या दोन बाजूंना ५ बाय साडेचारचे दोन तुकडे लावायचे. हे ११५ चौरस मीटरमध्ये होतं. शिवणीवर ३० सेंटिमीटर आणि जमिनीवर अर्धा मीटर जास्तीचं धरून हिशेब करा. जाळी ताठ हवी, हाताने दाबली की परत उसळली पाहिजे. सैल घड्यांतच प्राणी गुंततात. खालची कड पाइपने किंवा वाळूच्या पिशव्यांनी जमिनीला दाबून बंद करायची. तिथे फट राहिली तर वटवाघूळ आत शिरतं आणि बाहेरची वाट न सापडून सकाळपर्यंत फळंही नासवतं आणि स्वतःही अडकतं.

मोहोर असताना जाळी टाकू नका. लिचीचं परागीभवन माश्या-मधमाश्या करतात, त्या आत येऊ शकल्या नाहीत तर फळच धरणार नाही. फळ धरून रंग बदलायच्या बेताला आलं की टाकायची, तोडणी झाली की त्याच आठवड्यात काढून, धुऊन, सावलीत घडी घालून ठेवायची. मॉरिशसमध्ये लिचीचा मोसम आणि चक्रीवादळांचा मोसम एकमेकांत अडकलेले आहेत. वादळाच्या पहिल्या श्रेणीचा इशारा लागला की जाळी उतरवलीच पाहिजे. वारा भरलेली जाळी शिडासारखी ओढते, सांगाडा उखडते आणि झाडही मोडते.

उंच जुनं झाड असेल तर आधी ते खाली आणायला हवं. लिचीला पुढच्या वर्षीचा मोहोर पक्व झालेल्या फुटीच्या टोकाला येतो, म्हणून छाटणी तोडणीनंतर लगेच, डिसेंबर-जानेवारीत करावी, म्हणजे थंडीपर्यंत नवी फूट पिकते. उशीर केला तर थंडीत झाडावर कोवळी पालवी असते आणि पुढच्या वर्षी फळाऐवजी पानं मिळतात. एकाच वर्षी सगळी छाटणी केली तर उघड्या खोडाला ऊन लागून साल भाजते. जेवढी उंची कमी करायची तिचा साधारण एक तृतीयांश भाग दरवर्षी छाटत तीन वर्षांत झाड ४ मीटरच्या आसपास आणता येतं. त्या काळात खालचे घोस कागदी किंवा कापडी पिशवीत बांधून वाचवावेत. कोकणात हापूसला पिशव्या घालतात त्यातलाच प्रकार. शेंड्यावरचं थोडं फळ सोडून द्यायची तयारी ठेवली तर खालचं बरंच हाती राहतं.

फटाके, दिवे, डबे वाजवणं, धूर: हे दोन-चार रात्री चालतं. मग वटवाघळांच्या लक्षात येतं की आवाजाने काही होत नाही. बाग मोठी असेल आणि पिकण्याचे शेवटचे मोजके दिवसच निभवायचे असतील तर आवाजाची जागा रोज बदलून उपयोग होतो, एरवी पैसे वाया.

जाळीत अडकलेलं वटवाघूळ दिसलं तर उघड्या हाताने धरू नका. जाड हातमोजे घाला, अंगावर जाड टॉवेल टाका. डोळ्यांवर अंधार झाला की धडपड कमी होते. पंख ओढून सोडवू नका. भोवतालची जाळी कात्रीने कापून प्राणी जाळीच्या तुकड्यासकट टॉवेलात गुंडाळा आणि हवा जाईल अशा खोक्यात, थंड अंधाऱ्या जागी ठेवून वन विभागाला किंवा पशुवैद्याला कळवा. पंखात रुतलेला दोरा काढणं त्यांच्यावर सोपवा. वरून जखम लहान दिसली तरी रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि पडदा दोन-तीन दिवसांनी सडतो. मादी असेल तर काखेत किंवा पोटाला पिल्लू चिकटलंय का ते टॉवेलच्या कडेने बघा. असेल तर दोघांना वेगळं करू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि अर्धवट खाल्लेलं फळ, मॉरिशसमधलं असो की कोकणातलं, पोराबाळांच्या हाती देऊ नका, गुरांनाही घालू नका. खड्डा करून पुरून टाका.